‘सेव्ह झालं’ म्हणण्याआधी: बफरमधले बदल टेबलापर्यंत नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये बिलाचा फॉर्म आहे. वर बिलाचं हेडर, खाली ग्रिडमध्ये बिलातल्या ओळी. दोन्ही टेबलांना ऑप्टिमिस्टिक टेबल बफरिंग, म्हणजे मोड ५: बदल आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतात, आज्ञा दिल्यावरच टेबलात जातात. सेव्ह बटणात आधी हेडरचं टेबल निवडून कंसात काहीही न देता टेबलअपडेट (बफरमधले बदल टेबलात लिहिणारं फंक्शन), मग ओळींचं टेबल निवडून तसंच टेबलअपडेट, आणि शेवटी ‘बिल सेव्ह झालं’ हा मेसेज. सेव्ह केल्यावर ग्रिडमध्ये सगळं जागच्या जागी दिसतं, पण नंतर बिल उघडलं की काही ओळी गायब. चार-पाच जण एकाच वेळी काम करत असले की एकाचा बदल दुसऱ्याच्या सेव्हनंतर हरवतो किंवा सेव्हच होत नाही. मधूनच १५४५ नंबरची एरर येते. विचारणा अशी, की टेबलअपडेटला दुसरा पॅरामीटर ट्रू देऊन ‘फोर्स’ केलं, म्हणजे मध्ये दुसऱ्याचा बदल झाला असला तरी आपला त्यावर लिहिला, तर हे सगळं सुटेल का?

नाही. एकच तक्रार थांबल्यासारखी वाटेल, आणि तीही डेटा बिघडवून. ओळी गायब होण्याशी फोर्सचा काही संबंध नाही. बदल हरवण्याशी मात्र आहे, आणि तो उलट्या दिशेचा आहे: फोर्स केल्यावर बदल जास्त हरवतील.

मला इथे खरी अडचण वेगळी दिसते. सेव्ह ही एक घटना आहे असं तुमचा कोड धरून चालतो. प्रत्यक्षात युजरनं टाइप केलेली किंमत आधी टेक्स्टबॉक्समध्ये असते, तिथून बफरमध्ये जाते, बफरमधून टेबलात जाते, आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत तिथेही कच्चीच असते. या प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅमला ‘नाही’ असं उत्तर मिळू शकतं. तुमच्या कोडमध्ये ते ‘नाही’ ऐकायला कुणी नाही. म्हणून मी टप्प्याटप्प्यानं सांगतो, आणि जिथे जास्त गोंधळ होतो तिथे जास्त थांबतो.

सुरुवात गायब ओळींपासून. टेबलअपडेटला काहीच सांगितलं नाही तर ते चालू वर्क एरियातल्या (म्हणजे सध्या निवडलेल्या उघड्या टेबलातल्या) फक्त चालू रेकॉर्डचे बदल लिहितं. मोड ५ मध्ये तुम्ही ग्रिडमध्ये सात ओळी भरल्या आणि कर्सर सातव्या ओळीवर आहे, तर सातवीच टेबलात जाते. बाकीच्या सहा बफरमध्येच राहतात. ग्रिड बफर दाखवतो, त्यामुळे स्क्रीनवर सातही दिसतात आणि शंका येत नाही. पुढे व्ह्यूवर (साठवून ठेवलेल्या क्वेरीवर) रीक्वेरी करताना, म्हणजे डेटा पुन्हा आणताना, किंवा बफरिंगचा मोड बदलताना फॉक्सप्रो १५४५ देतं: या एलियसच्या (उघड्या टेबलाला दिलेल्या नावाच्या) बफरमध्ये न लिहिलेले बदल आहेत. ही एरर तुमच्या बाजूची साक्षीदार आहे. ती आली की समजायचं, कुठेतरी सेव्ह अर्धवट झालंय. ट्राय-कॅचमध्ये गिळून टाकू नका.

म्हणून पॅरामीटर नेहमी पूर्ण द्या. पहिला पॅरामीटर: शून्य म्हणजे चालू ओळ, एक म्हणजे सगळ्या ओळी, दोन म्हणजे सगळ्या ओळी पण एखादी अडली तरी पुढे जा आणि अडलेल्यांची यादी ॲरेत दे. दुसरा पॅरामीटर फोर्स, तो फॉल्स. तिसरा एलियस, तो नावानं द्या. ‘सध्या जे निवडलेलं असेल ते’ या भरवशावर राहू नका, कारण मधल्या एखाद्या व्हॅलिड मेथडनं वर्क एरिया बदललेला असू शकतो, आणि मग चुकीच्या टेबलावर टेबलअपडेट होऊन तुम्हाला ट्रूसुद्धा मिळतो.

इथे एक जोड. फॉर्मची बफरमोड प्रॉपर्टी ऑप्टिमिस्टिक ठेवली आणि कर्सरवर वेगळं काही सांगितलं नाही, तर फॉक्सप्रो ग्रिडला बांधलेल्या टेबलाला टेबल बफरिंग देतं आणि बाकीच्यांना रो बफरिंग. म्हणजे एकाच फॉर्ममध्ये हेडर आणि ओळी वेगवेगळ्या नियमानं चालू शकतात. रो बफरिंगमध्ये रेकॉर्ड पॉइंटर हलला की बदल आपोआप लिहिला जातो. सीक, स्किप, लोकेट, काहीही पुरतं. युजरनं ‘रद्द’ दाबायच्या आधीच हेडर टेबलात गेलेलं असतं. माझ्या कामात मी रो बफरिंग जवळजवळ वापरत नाही. एकच रेकॉर्ड एडिट होणार असला तरी मोड ५ ठेवतो, म्हणजे लिहिणं माझ्या आज्ञेशिवाय होत नाही. तुम्ही मोड ५ कर्सरसेटप्रॉपनं लावला असेल तर हा त्रास नाही. आणि बफरिंगसाठी सेट मल्टिलॉक्स ऑन हवं, शिवाय ते प्रत्येक डेटा सेशनपुरतं (फॉर्मच्या उघड्या टेबलांच्या स्वतंत्र संचापुरतं) असतं. मुख्य प्रोग्रॅममध्ये लावलंय म्हणून प्रायव्हेट सेशनच्या फॉर्मला ते मिळत नाही.

आता उत्तर ऐकण्याबद्दल. टेबलअपडेटला जमलं नाही तर ते फॉल्स परत देतं. अपडेट कॉन्फ्लिक्ट, युनिक इंडेक्सचा भंग, ट्रिगर (रेकॉर्ड बदलताना आपोआप चालणारा कोड) फेल होणं, यातल्या कशानंही तुमचा ऑन एरर हलेलच असं नाही. तुम्ही परत आलेली किंमत पाहिली नाही, तर प्रोग्रॅम निवांत पुढच्या ओळीवर जातो आणि ‘बिल सेव्ह झालं’ म्हणतो. माझ्या मते असा फॉर्म एरर देऊन बंद पडणाऱ्या फॉर्मपेक्षा जास्त घातक आहे, कारण बंद पडलेला फॉर्म युजर निदान कळवतो.

फॉल्स आला की लगेच, दुसरं काहीही करायच्या आत, एएररनं (शेवटच्या एररची माहिती देणाऱ्या फंक्शननं) ॲरे भरून घ्या. मध्ये दुसरी एरर झाली तर पहिलीची माहिती जाते. ॲरेच्या पहिल्या कॉलममध्ये नंबर असतो. १५८५ म्हणजे अपडेट कॉन्फ्लिक्ट: तुम्ही रेकॉर्ड उघडल्यावर ते दुसऱ्या कुणीतरी बदललं. १८८४ म्हणजे युनिक इंडेक्स मोडला, बहुतेक वेळा एकाच नंबरची दोन बिलं. १५३९ म्हणजे ट्रिगर फेल, आणि तेव्हा पाचव्या कॉलममध्ये कळतं की तो इन्सर्टचा, अपडेटचा की डिलीटचा. १५८१ म्हणजे नल (किंमतच नसणं) न चालणाऱ्या फील्डमध्ये नल. मागे एसक्यूएल सर्व्हर किंवा दुसरा सर्व्हर असेल तर बरेचदा १५२६ येतो. तेव्हा सर्व्हरनं स्वतः दिलेला एरर नंबर पाचव्या कॉलममध्ये पाहायचा. या चार-पाच नंबरांना युजरला कळेल अशी वेगवेगळी वाक्यं द्या. ‘सेव्ह झालं नाही’ एवढ्यानं त्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘हा बिल नंबर दुसऱ्यानं वापरलाय’ म्हटलं की कळतं.

पुढचा टप्पा ट्रान्झॅक्शनचा. पहिला पॅरामीटर एक दिला म्हणजे ‘सगळ्या किंवा एकही नाही’ असा अर्थ होत नाही. सात ओळींतली पाचवी अडली तर आधीच्या चार टेबलात गेलेल्या असतात आणि तुम्हाला फॉल्स मिळतो. हेडर तर त्याच्याही आधी गेलेलं असतं. म्हणून हेडर, ओळी, आणि बिलामुळे बदलणारं बाकी सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या: बिगिन ट्रान्झॅक्शन, एकेक टेबलअपडेट, सगळे ट्रू आले तर एंड ट्रान्झॅक्शन, एक जरी फॉल्स आला तर तिथेच थांबून आधी एएरर, मग रोलबॅक. नव्या रेकॉर्डसाठी आधी हेडर, मग ओळी, म्हणजे रेफरन्शियल इंटेग्रिटीचे (टेबलांमधले दुवे सांभाळणारे) ट्रिगर अडवणार नाहीत. पूर्ण बिल काढून टाकताना क्रम उलटा.

ट्रान्झॅक्शन चालू असताना युजरला काहीही विचारू नका. एकही मेसेजबॉक्स नको. ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत लिहिलेल्या रेकॉर्डवरची कुलपं तशीच राहतात, आणि ‘ओके’ दाबायचं सोडून युजर उठून गेला तर बाकी सगळे अडकून बसतात. सेट रीप्रोसेसची किंमतही मुद्दाम ठरवा. मूळ किंमत ठेवली तर कुलूप मिळेपर्यंत फॉक्सप्रो वाट पाहत राहतं. काही सेकंदांनी हार मानून फॉल्स मिळणं केव्हाही बरं, कारण त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात असतं.

हे ट्रान्झॅक्शन डेटाबेसमधल्या टेबलांनाच लागू पडतं, हे विसरू नका. फ्री टेबल असेल तर व्हीएफपी ९ मध्ये मेकट्रान्झॅक्टेबल हे फंक्शन आलं, त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत मार्गच नव्हता. आणि मागे सर्व्हर असेल तर फॉक्सप्रोचं बिगिन ट्रान्झॅक्शन सर्व्हरला कळत नाही. तिथे कनेक्शनवर एसक्यूएलसेटप्रॉपनं ट्रान्झॅक्शन मॅन्युअल करून शेवटी एसक्यूएलकमिट किंवा एसक्यूएलरोलबॅक द्यावं लागतं.

रोलबॅकनंतरची गोष्ट बरेच जण गृहीत धरतात. रोलबॅक टेबलांना आधीच्या स्थितीत नेतं. युजरचं टाइप केलेलं काम टाकून देणं हा वेगळा निर्णय आहे आणि त्यासाठी टेबलरिव्हर्ट आहे. तो निर्णय युजरचा असू द्या. चाळीस ओळींचं बिल एका दुहेरी नंबरासाठी पुसून टाकणारा फॉर्म कुणी मनापासून वापरणार नाही.

आता पहिल्या टप्प्याकडे, म्हणजे कंट्रोलकडे. ‘शेवटच्या रकान्यातलाच बदल जात नाही, बाकी सगळे जातात’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, सेव्हचं बटण टूलबारवर आहे का? टेक्स्टबॉक्समधली किंमत फोकस हलताना बफरमध्ये जाते. फॉर्मवरच्या कमांड बटणावर क्लिक केलं की फोकस हलतो. टूलबारवरच्या बटणानं किंवा मेनूतल्या शॉर्टकटनं हलत नाही. टेबलअपडेट इमानदारीत बफर लिहितं, पण बफरमध्ये जुनीच किंमत असते. उपाय लहान आहे: सेव्हच्या पहिल्या ओळीत ॲक्टिव्ह कंट्रोललाच पुन्हा सेटफोकस करा, म्हणजे त्याचं व्हॅलिड चालतं आणि किंमत बफरमध्ये उतरते. मग पुढचं. व्हॅलिडनं नकार दिला असेल तर तिथेच थांबा.

ग्रिडमधून येणारा आणखी एक त्रास कोऱ्या ओळींचा. नवी ओळ जोडायची मुभा असलेल्या ग्रिडमध्ये युजर खालचा बाण दाबतो आणि एक रिकामं रेकॉर्ड तयार होतं. सगळ्या ओळी लिहा म्हटलं की तेही जातं, डिफॉल्ट किमतींसकट. ते ओळखायला गेटफील्डस्टेट आहे. फील्ड न बदललेलं असेल तर एक, बदललेलं असेल तर दोन, नव्या रेकॉर्डमधलं पण हात न लावलेलं तीन, नव्यातलं आणि भरलेलं चार. सगळ्या फील्डांची स्थिती एकदम हवी तर उणे एक द्या. एक स्ट्रिंग मिळते, तिचं पहिलं अक्षर डिलीटच्या स्थितीचं असतं. स्ट्रिंगमध्ये फक्त तीनच तीन असतील तर ती ओळ कोरी आहे, त्या एका ओळीवर टेबलरिव्हर्ट करा.

या ओळी शोधायला गेटनेक्स्टमॉडिफाइड वापरा, पूर्ण टेबल स्कॅन करू नका. शून्यापासून सुरू करायचं, आणि शून्य परत आलं की संपलं. अट लिहिताना ‘शून्यापेक्षा मोठं’ असं लिहू नका, ‘शून्य नाही’ असं लिहा. बफरमधल्या नव्या रेकॉर्डांचे नंबर उणे असतात, आणि पहिल्या अटीमुळे सगळ्या नव्या ओळी तपासणीतून निसटतात. आणि रिव्हर्ट करायच्या आधी पुढच्या बदललेल्या रेकॉर्डचा नंबर काढून ठेवा. त्याच कारणानं सेव्हनंतर युजरला त्याच ओळीवर परत न्यायचं असेल तर रेकॉर्ड नंबर लक्षात ठेवून उपयोग नाही, कारण सेव्ह झाल्यावर उणे नंबर जाऊन खरा नंबर येतो. प्रायमरी की ठेवा आणि तिच्यावर सीक करा.

इथपर्यंतचा भाग परिस्थितीवर फारसा अवलंबून नाही. फॉर्म कुठलाही असो, हे करावंच लागतं. पुढचा कॉन्फ्लिक्टचा भाग मात्र तुमच्या डेटावर अवलंबून आहे, आणि तुमचा फोर्सचा प्रश्न तिथेच येतो.

ऑप्टिमिस्टिक बफरिंग म्हणजे रेकॉर्ड एडिट करताना कुलूप लावायचं नाही, लिहिताना पाहायचं. दोघांनी एकच ग्राहक उघडला. पहिल्यानं फोन नंबर बदलून सेव्ह केला. दुसऱ्यानं पत्ता बदलला आणि सेव्ह दाबलं. दोघांनी वेगळी फील्डं बदलली तरी स्थानिक टेबलावर दुसऱ्याला १५८५ मिळतो, कारण रेकॉर्ड मधल्या काळात बदललंय. आता दुसऱ्यानं फोर्स केलं तर त्याच्या बफरमधलं रेकॉर्ड वर बसतं, आणि त्या बफरमध्ये जुना फोन नंबर आहे. पहिल्याचा बदल गेला. कुणाला एरर नाही, कुणाला कळलं नाही. तुमच्या पाचही युजरांच्या सेव्हमध्ये फोर्स ट्रू असेल तर दिवसभर हेच चालू राहील.

फॉक्सप्रो या वेळी तुम्हाला तीन किमती देतं आणि त्यांचा उपयोग करणं हेच खरं उत्तर आहे. ओल्डव्हॅल म्हणजे युजरनं एडिट सुरू केलं तेव्हाची किंमत. कर्व्हॅल म्हणजे आत्ता टेबलात असलेली. आणि बफरमधली, म्हणजे युजरची. प्रत्येक फील्डसाठी पाहा. ओल्डव्हॅल आणि कर्व्हॅल सारखे असतील तर त्या फील्डला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, युजरची किंमत राहू द्या. ते वेगळे असतील, पण युजरची किंमत ओल्डव्हॅलइतकीच असेल, तर बदल दुसऱ्याचा आहे आणि आपल्या युजरनं काही केलेलं नाही. कर्व्हॅल बफरमध्ये घाला. दोघांनीही बदललं आणि दोन्ही किमती एकच निघाल्या तर भांडण नाही. दोघांनी बदललं आणि किमती वेगळ्या, एवढ्या एकाच प्रसंगी युजरला विचारा, आणि विचारताना दोन्ही किमती शेजारी दाखवा. हे सगळं झाल्यावर, त्या एका रेकॉर्डसाठी, फोर्स ट्रू देऊन टेबलअपडेट करा. फोर्सची योग्य जागा ही आहे: निर्णय झाल्यानंतरची.

तुलना करताना दोन काळज्या घ्या. स्ट्रिंगसाठी दुहेरी बरोबर चिन्ह वापरा. सेट एक्झॅक्ट ऑफ असताना एकेरी चिन्हाला उजवीकडची स्ट्रिंग डावीकडच्या सुरुवातीशी जुळली तरी पुरतं. आणि नल. नलशी तुलना केली की उत्तरही नल येतं, आणि इफमध्ये ते ‘नाही’सारखं वागतं. इझनल आधी तपासा. व्ह्यूवर काम करत असाल तर कर्व्हॅल विचारायच्या आधी रिफ्रेश करा, नाहीतर टेबलातली ताजी किंमत मिळत नाही.

आता एक प्रकार असा आहे की जिथे ही तीन किमतींची पद्धतही चालत नाही: साठा, शिल्लक, पुढचा बिल नंबर यांसारखे आकडे. साठा १०० होता. एकानं ३ विकले, त्याच्या बफरमध्ये ९७. दुसऱ्यानं ५ विकले, त्याच्या बफरमध्ये ९५. यातली कुठलीच किंमत बरोबर नाही. बरोबर उत्तर ९२, आणि ते कुणाच्याच बफरमध्ये नाही. युजरला विचारूनही काही होणार नाही, त्याला कसं माहीत असणार? म्हणून असे आकडे मी कधीच फॉर्मच्या बफरमधून लिहीत नाही. बिल सेव्ह होताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, ‘आत्ताच्या साठ्यातून ३ वजा कर’ अशी अपडेट आज्ञा देतो. एडिट होत असलेलं बिल जुनंच असेल तर ओल्डव्हॅलमधला नग आणि नवा नग यांच्यातला फरक वजा करतो.

पण फॉक्सप्रोत इथे सापळा आहे. साठ्याचं टेबल त्याच डेटा सेशनमध्ये बफरिंगसह उघडं असेल, तर एसक्यूएल अपडेटसुद्धा बफरमध्येच जातं आणि त्यावर वेगळं टेबलअपडेट लागतं. विसरलात तर बिल जातं, साठा हलत नाही. मी साठ्याचं टेबल त्या फॉर्मच्या सेशनमध्ये बफरिंगशिवाय उघडतो, दाखवायला लागतील तेवढे आकडे वेगळ्या कर्सरमध्ये आणतो.

उलट बाजूनं सिलेक्टचा घोळ. एसक्यूएल सिलेक्ट साधारणपणे डिस्कवरचं टेबल वाचतं, तुमचा बफर नाही. सेव्हच्या आधी सिलेक्ट-समनं बिलाची बेरीज काढून हेडरमध्ये घातली तर ती जुन्या ओळींची बेरीज असते. नवं बिल असेल तर शून्य. व्हीएफपी ९ मध्ये सिलेक्टला बफरिंग ट्रू असं सांगता येतं, किंवा सेट एसक्यूएलबफरिंग ऑन करता येतं. आधीच्या आवृत्तीत कॅल्क्युलेट किंवा स्कॅन वापरा, ते बफर पाहतात. तुमच्या प्रश्नात ‘कधीकधी बिलाची रक्कम आणि ओळींची बेरीज जुळत नाही’ असंही एक वाक्य होतं. मला दाट शंका आहे की ते यातूनच येतंय.

पेसिमिस्टिक बफरिंग वापरावं का, असा उपप्रश्न कुणीतरी विचारतोच. त्यात रेकॉर्ड एडिट करायला लागताच कुलूप लागतं, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट होत नाही. पण युजर जागेवरून उठला तरी कुलूप राहतं. एकाच रेकॉर्डवर दोघांनी काम करणं तुमच्याकडे क्वचित घडत असेल तर ऑप्टिमिस्टिकच बरं. एखादं रेकॉर्ड खरोखर एकाच माणसानं हाताळायचं असेल, आणि भरलेलं काम वाया जाणं फार महाग पडत असेल, तर पेसिमिस्टिकचा विचार करा, पण त्या एका टेबलापुरता.

व्ह्यू वापरत असाल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, लोकल व्ह्यूवर टेबलअपडेट केलं की बदल मूळ टेबलाकडे जातात. ते मूळ टेबलही बफरिंगसह उघडं असेल तर ते त्याच्या बफरमध्ये अडकतात आणि त्यावरही टेबलअपडेट लागतं. दुसरी, व्ह्यूला सेंडअपडेट्स ट्रू, कीफील्डलिस्ट, अपडेटेबलफील्डलिस्ट आणि अपडेटनेमलिस्ट नीट दिलेले हवेत. सेंडअपडेट्स फॉल्स असेल तर टेबलअपडेट केल्यावरही मूळ टेबलात काहीच पोचत नाही. कॉन्फ्लिक्ट कसा ठरवायचा हे व्हेअरटाइप सांगतं. मूळ किंमत ३ आहे, म्हणजे की आणि बदललेली फील्डं. म्हणून व्ह्यूमध्ये दोघांनी वेगळी फील्डं बदलली तर कॉन्फ्लिक्ट येत नाही. सर्व्हरवर टाइमस्टॅम्पचं फील्ड असेल तर ४ सगळ्यांत काटेकोर. १ म्हणजे फक्त की, आणि त्याचा परिणाम फोर्ससारखाच: नंतर आलेला जिंकतो.

फॉक्सप्रो ९ चा एक्स्टेंडेड सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला, तेव्हा पुढेमागे हा फॉर्म दुसरीकडे न्यावा लागेल. तिथेही हेच टप्पे वेगळ्या नावांनी भेटतात. डॉटनेटच्या डेटासेटमध्ये कंट्रोलमधून बफरमध्ये उतरवायला बाइंडिंगसोर्सवर एंडएडिट लागतं, कोरी की बदललेली ओळ ते रोस्टेट सांगतं, कॉन्फ्लिक्ट झाला की डीबीकॉन्करन्सीएक्सेप्शन येतं. ॲक्सेप्टचेंजेस हे नाव फसवं आहे: ते डेटाबेसला काहीच पाठवत नाही, फक्त ओळींवरची ‘बदललेली’ ही खूण पुसतं. कुणी अपडेटच्या आधी ते बोलावलं तर पाठवायला काही उरतच नाही. त्याहून लपलेली अडचण ट्रान्झॅक्शनची आहे. डेटाॲडॅप्टर प्रत्येक ओळ यशस्वी झाली की तिच्यावरची खूण स्वतःच पुसतो. तुमचं ट्रान्झॅक्शन नंतर रोलबॅक झालं तर डेटाबेसात काही नाही, आणि डेटासेटला वाटतं सगळं गेलंय. युजर पुन्हा सेव्ह दाबतो, काहीच पाठवलं जात नाही, एररही येत नाही. ॲक्सेप्टचेंजेसड्युरिंगअपडेट फॉल्स ठेवा आणि कमिट झाल्यावरच स्वतः ॲक्सेप्टचेंजेस बोलवा. डेल्फीच्या क्लायंटडेटासेटमध्ये ॲप्लायअपडेट्स चुकांची संख्या परत देतं, म्हणजे तिथे शून्य ही चांगली बातमी. फॉक्सप्रोच्या सवयीनं ती अट लिहिली तर अर्थ उलटा होतो.

तुमच्या फॉर्ममध्ये बदल या क्रमानं करा, म्हणजे प्रत्येक पायरीला फरक दिसेल. आधी दोन्ही टेबलअपडेटना तिन्ही पॅरामीटर द्या आणि परत आलेली किंमत तपासा. बिल सेव्ह झाल्याचा मेसेज दोन्ही ट्रू आल्यावरच. एवढ्यानंच गायब ओळी थांबतील, आणि आजवर गिळल्या गेलेल्या काही एरर पहिल्यांदा समोर येतील. त्याला घाबरू नका, त्या आधीही होत्याच. मग ट्रान्झॅक्शन घाला. मग फोकस आणि कोऱ्या ओळी. साठ्याचा आकडा बफरमधून बाहेर काढा. कॉन्फ्लिक्टची तीन किमतींची मेथड सगळ्यांत शेवटी, आणि ती बेस फॉर्म क्लासमध्ये लिहा, म्हणजे बाकीच्या फॉर्मनाही मिळेल.

बंद करतानाची तपासणीही तिथेच ठेवा. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीनं फॉर्म बंद केला तर क्वेरीअनलोड चालतं, पण तुमच्या ‘बंद’ बटणात थिसफॉर्म रिलीज असेल तर ते चालत नाही. ‘सेव्ह न केलेले बदल आहेत’ हा प्रश्न एका मेथडमध्ये लिहून दोन्हीकडून बोलवा.

चाचणीसाठी वेगळं मशीन लागत नाही. प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच मशीनवर उघडा आणि दोन्हीत तेच बिल एडिटला घ्या. पहिल्यात एक फील्ड बदलून सेव्ह, दुसऱ्यात वेगळं फील्ड बदलून सेव्ह: दोन्ही बदल टेबलात हवेत. मग दोन्हीत तेच फील्ड: दुसऱ्यात प्रश्न यायला हवा. मग पहिल्यात बिल डिलीट करून दुसऱ्यात सेव्ह. मग दोन्हीत एकच बिल नंबर टाकून पाच ओळींचं नवं बिल: दुसऱ्यात १८८४ यायला हवा, त्याच्या पाचही ओळी स्क्रीनवर शिल्लक हव्यात, आणि टेबलात त्यातली एकही नको. हे तपासताना ग्रिडकडे पाहू नका. तिसरा फॉक्सप्रो उघडून टेबल तिथून ब्राउझ करा, कारण त्या सेशनला तुमचा बफर दिसत नाही.